दुसरी साक्षीदार

मी, पंचफुला ताराचंद गजभिये, वय ७२ वर्षे, अविवाहित, तर्कशास्त्राची सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार फ्लॅट क्र. ४०३, प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही, असेही लिहावे लागते. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. वडिलांची सायकल धाकटा भाऊ प्रेमानंद यास द्यावी. वडील गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहत. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले, तेव्हा आजीने विचारले, "काहून?" त्यांनी तिला समोर बसवून एकेक कारण सांगितले. पुढे आम्हा भावंडांनाही त्यांनी कोणतेच मत कारणाशिवाय मांडू दिले नाही.

प्रेमानंद त्याच्या नव्या घराच्या जेवणावळीत म्हणाला, फुकट मिळाले की लोक आळशी होतात. मी विचारले, "हा प्लॉट सासऱ्यांनी दिला, मग तू कधीपासून आळशी झालास?" पंगत हसली. तो म्हणाला, "तुह्या तोंडून ‘मान्य’ असं आमी कधी आयकलंच नाही, ताई." त्याला आता सहा वर्षे झाली, तो बोललेला नाही. प्रश्न बरोबर होता असे मला आजही वाटते. पण तो पंगतीत विचारायला नको होता. सायकलची चेन बदलून घ्यावी.

२. बँकेतील सर्व ठेवी आमच्या जुन्या वस्तीतल्या मुलींच्या अभ्यासिकेस द्याव्यात. माझे नाव भिंतीवर लावू नये.

३. माझा वजनकाटा सोसायटीचे सचिव भैयाजी यांना द्यावा. कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, लोड येतो, असा ठराव त्यांनी आणला होता. माझी आयुष्यभराची पद्धत एकच: मत ऐकले की त्यातली माणसे बदलून पाहायची. लोडच मोजायचा तर आधी भैयाजींनी पायऱ्या चढाव्यात. स्वच्छतेचा प्रश्न असेल तर कचऱ्याची पिशवी रोज लिफ्टनेच उतरते. ज्या हातची पोळी चालते, तो हात बटणाला का चालत नाही? सभेत हे सगळे मी बोलले. उदाहरण म्हणून, माझ्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या बायजाबाईंचे नाव घेतले. त्यांचे गुडघे दुखतात, चार मजले चढवत नाहीत, असे सांगितले. ठराव पडला. घरी येऊन मी चहा केला आणि एकटीच फार खूश झाले.

महिनाभरात बिल्डिंगमधल्या चार घरांनी बायजाबाईंना काढून टाकले. सभेत नाव निघाले म्हणजे हिनेच तक्रार केली असणार, असा त्यांचा तर्क. बायजाबाईंना माझा राग आला. माझेही काम सोडले. जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी बराबर बोलल्या, मॅडम. पण माह्यं नाव घ्याच्या आंधी मले काहून नाही विचारलं?" वर्गात आयुष्यभर मी प्रश्न विचारले. हा एवढा एक विचारायचा राहिला.

आता लिफ्ट सर्वांना खुली आहे. मी आत शिरले की सगळे मोबाइलमध्ये पाहू लागतात. संध्याकाळी माझी बेल वाजत नाही. मला एकटे वाटते, आणि हे मी सिद्ध करत बसणार नाही.

४. फ्लॅट बायजाबाईंना द्यायचे मी ठरवले होते. वकील वैदेही म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील, आणि ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्षीदार होऊ नये. एक साक्षीदार त्या स्वतः झाल्या. दुसऱ्यासाठी मी बिल्डिंगमधले एकेक दार आठवून पाहिले. एकही वाजवावेसे वाटले नाही. शेवटी ऑटो करून बायजाबाईंच्या खोलीवर गेले, साक्षीदाराची अडचण सांगितली आणि या वेळी आधी विचारले, "फ्लॅट घ्याल का?"

"नाही जी. त्या बिल्डिंगीत मालकीण होऊन आली तरी मले पायऱ्याच चढा लागन."

मी त्यांना तीन कारणे सांगू लागले. त्या हसल्या. "झाल्या सुरू!" मग माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून म्हणाल्या, "साक्षीदार पाह्यजे ना तुमाले? मी करीन सही. पण आंधी सगळं वाचीन. सातवी शिकली आहो मी."

सबब फ्लॅट प्रेमानंदची मुलगी अपेक्षा हिला द्यावा. ती दर रविवारी वडिलांना न सांगता मला फोन करते.

५. माझ्या पश्चात जमलेल्यांनी माझ्याविषयी चांगलेच बोलले पाहिजे, असे नाही. मात्र जे बोलाल त्याचे कारण सांगावे.

लिहिलेले सर्व मी दोनदा वाचून पाहिले. यात दुरुस्त करण्यासारखे मला काही आढळले नाही. खालील दोघींच्या समक्ष मी सही करत आहे, आणि त्या माझ्या समक्ष.

नागपूर, दि. २३ फेब्रुवारी २०२५
(सही) पंचफुला ताराचंद गजभिये

साक्षीदार १: (सही) अ‍ॅड. वैदेही देशकर

साक्षीदार २: (सही) बायजाबाई नत्थू राऊत
सगळं वाचलं. कलम ३ मंदी गुडघे लिहिले हायेत. माहे गुडघे चांगले हायेत, कंबर दुखते. आन् मले राग नव्हता आला. भेव वाटलं होतं.

दोन्ही दुरुस्त्या मान्य.
(सही) पं. ता. गजभिये