खोगीरवाले स्टेनेट, मेंढीबाजार

११ एप्रिल १९९४

सिरिलने त्याच्या पुस्तिकेची प्रुफं धाडली. इतरांना निवृत्तीनंतर संधिवात होतो, माझ्या थोरल्या भावाला इतिहास झालाय. 'हॅलबीचे जुने व्यापारी' — चाळीस पानं, त्यातली तीस खोगीरभरती. आजोबा जोसाया स्टेनेट दुसऱ्याच पानावर! "१८८५ ते १९१९, मेंढीबाजारातल्या एकाच दुकानात चौतीस वर्षं खोगीर-लगामाचं काम. पत्नी केझिया नाजूक प्रकृतीची, बहुधा अंथरुणावर." जूनमध्ये गावची इतिहास समिती दुकानाच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची पाटी बसवणार.

आजी अंथरुणावर? ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिच्या तळहाताचे घट्टे माझ्या गालाला टोचायचे. पडून राहून घट्टे पडतात होय?

फोन केला. म्हणाला, जुन्या सगळ्या डिरेक्टऱ्या चाळूनच लिहिलंय, तू एक तरी वाचलीस का? नाही वाचली. आईबाबांची दुखणी काढत होते, वेळ मिळाला नाही. त्याला मिळाला.

१४ एप्रिल

लिंकनला जाऊन आले, जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात. जाताना बसने दीड तास, येताना दोन. डिरेक्टऱ्या म्हणजे चार-पाच वर्षांनी एकदा निघणारे, विटेएवढे जाड लाल खंड — गावोगावचे वाणी, खाटीक, लोहार, कोण कुठे दुकान मांडून बसलाय. आत पेन नेऊ देत नाहीत, फक्त शिसपेन्सिल.

१८८५ पासून १९१९ पर्यंत एकही खंड सोडला नाही. प्रत्येकात तीच ओळ: 'स्टेनेट जोसाया, खोगीरवाला, मेंढीबाजार'. सिरिलचं खरं. चडफडत घरी आले.

२० एप्रिल

पुन्हा गेले. तिथल्या मिस ओल्डरिज माझ्या वहीकडे बघून हसल्या. डिरेक्टरी म्हणजे काही शपथेवरची साक्ष नव्हे, म्हणाल्या. ती छापणाऱ्या कंपनीचा एजंट आदल्या वर्षी दारोदार फिरायचा. दार उघडेल तो सांगेल ते लिहायचा. पुढच्या खेपेला 'नाव तेच ना?' एवढंच. मेलेली माणसंही दोन-दोन खंड जगायची.

"नाव दुकानाचं असतं," त्या म्हणाल्या. "माणूस हवा असेल तर शिरगणतीत शोधा."

१८९१ ची शिरगणती, मेंढीबाजार: केझिया स्टेनेट, वय तीस, विवाहित, खोगीरवाल्याची बायको. तीन वर्षांचा मुलगा — आमचे बाबा. एक कामगार. नवरा नाही! त्या रात्री बाहेरगावी असेल असं धरलं. पण झोप लागली नाही.

२८ एप्रिल

सापडले आजोबा. नॉर्फकमध्ये!

शेजारच्या जिल्ह्याची १८९२ ची डिरेक्टरी सहज उघडली होती. थॉर्पवेल गाव: 'स्टेनेट जोसाया, खोगीरवाला'. आधी वाटलं, त्याच नावाचा दुसरा कुणी. मिस ओल्डरिज म्हणतात, इथेच सगळे फसतात — दोन जिल्हे म्हणजे दोन माणसं असं धरून चालतात. म्हणून तिथलीही १८९१ ची शिरगणती काढली. जोसाया स्टेनेट, चौतीस, जन्म हॅलबी. पत्नी ॲलिस. मुलगी पाच महिन्यांची.

तिथल्या डिरेक्टरीत तो १९१६ पर्यंत आहे. म्हणजे इथलं दुकान तीस वर्षं आजीने ओढलं, आणि दरवेळी एजंटला त्या पळपुट्याचं नाव सांगितलं. आमच्या घरात जेवणाआधी त्याच्या कष्टांची उदाहरणं द्यायचे! मी ती ऐकत वाढले. मला संताप आलाय.

३ मे

सिरिलला दाखवायचंच. शनिवारी चहाला येते म्हणून कळवलं.

७ मे

सिरिलकडे चहाला. त्याने मनुकांचा पाव कापला, वर चीज ठेवलं, मग सावकाश माझे कागद वाचले. चिडला नाही, याचंच नवल.

"आजीने तीस वर्षं मूठ झाकून ठेवली," तो म्हणाला. "आणि तू ती समितीसमोर उघडणार?"

मी म्हटलं, काम तिचं होतं, पाटीवर नाव तिचं हवं.

"तिला हवं असतं तर तिने सांगितलं नसतं? एजंट दारात उभा होता, आयव्ही. एकदा नाही, सात वेळा."

पाव तसाच बशीत राहिला.

१९ मे

समितीची सभा. अध्यक्षीणबाई मिसेस ब्रॅकनबरींनी पाटीवरचा मजकूर वाचला, कुणाची हरकत आहे का विचारलं. कागद माझ्या पर्समध्ये होते. सिरिल माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, विनवल्यासारखा. मला आजी दिसली — गावाच्या कुजबुजीला तोंड देत त्या दुकानात उभी असलेली. तिने जे जिवापाड सांभाळलं ते मी कोण चव्हाट्यावर आणणार?

नाही बोलले. घरी येऊन खूप रडले. कुणासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

११ जून

पाटी बसली. निळी. टाळ्या. सिरिलने भाषणात 'आमच्या घराण्याची चिकाटी' असं तीनदा म्हटलं. नंतर माझा हात दाबून म्हणाला, "शहाणी आहेस." सहासष्टाव्या वर्षी!

१५ जून

थॉर्पवेलच्या चर्चला विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं. जोसाया स्टेनेट, दफन नोव्हेंबर १९२०. इकडे कुणी दुखवट्याचे काळे कपडेही घातले नसतील.

२१ जून

पुन्हा लिंकन. आजीने दुकान कधी बंद केलं, एवढंच बघायचं होतं. सिरिल १९१९ ला थांबला म्हणून मीही थांबले होते. त्यापुढचा खंड मागवला, १९२२ चा.

'स्टेनेट केझिया (मिसेस), खोगीर व लगाम, मेंढीबाजार.'

तो गेला आणि तिने एजंटला स्वतःचं नाव सांगितलं. साठी उलटल्यावर.

त्याच पानात खंड मागवताना भरायची एक जुनी चिठ्ठी राहून गेली होती. सिरिलचं अक्षर. ९ मार्च १९९४. प्रुफं धाडण्याच्या महिनाभर आधीची.

मी गप्प बसले ती आजीच्या अब्रूसाठी. आजी गप्प बसली नव्हती.