पावणेसातची रिंग

तीर्थरूप दादांच्या चरणी,

धाकट्याचा नमस्कार पोचावा. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे माझा गुडघा, झोप आणि डाव्या कानातली शिट्टी सोडून. तिकडची खुशाली कळवावी, आणि या वेळी ती खरोखरच कळवावी, कारण गेले सहा दिवस मला ती कळलेली नाही. (शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवलंत तरी चालेल. मागे तसं केलं होतंत तेव्हा मला राग आला होता. आता येणार नाही. हात चालतो आहे एवढं तरी समजेल.)

पत्रास कारण की, माझ्या फोनवर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला आहे. त्याबद्दल कंपनीला जो अर्ज दिला, त्यातलाच मजकूर इथे उतरवतो. आईचं शिलाई मशीन तुम्ही मला न विचारता भंगारवाल्याला दिलंत (ज्याच्यावर मी बाही लावायला शिकलो आणि चौथीत शाळा सुटल्यावर ज्याने मला शिंपी केलं). त्या दिवसापासून अकरा वर्षं आपण बोललेलो नाही. तेव्हा वहिनींनी तोडगा काढला की बोलू नका, पण रोज सकाळी एकेक रिंग द्या, दोघेही आहात एवढं तरी कळेल. पावणेसातला माझी, सातला तुमची. उचलायचा नाही. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली (मी आलो होतो, मागच्या रांगेत बसून गेलो, तुम्ही पाहिलंत हे मी पाहिलं), पण रिंग एक दिवस चुकली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली तांब्याची तार काढून नेली. आता म्हणे सगळ्यांचे फोन इंटरनेटवरून चालणार. मुलाने भिंतीवर एक पांढरी डबी बसवून घेतली. तिच्यावर चार हिरवे दिवे, त्यातला एक सारखा मिचकावतो. बसवणाऱ्याला विचारलं, हा असा का करतो? तो म्हणाला, "काका, मिचकावतोय तोवर सगळं ठीक. थांबला की काळजी करा." तेव्हापासून मी त्या दिव्यासमोर खुर्ची टाकून बसतो. सून म्हणते, "बाबा, निदान पापणी तरी लवू द्या."

पहिल्या सकाळपासूनच सातची रिंग येईना. मी दिव्याकडे बघतोय, दिवा मिचकावतोय, आणि फोन गप्प. पाच दिवस मी कोणाला बोललो नाही, नुसतं जेवण टाकलं. शेवटी सुनेने खोदून विचारलं आणि आपल्या मोबाइलवर बघून सांगितलं की या नव्या फोनमध्ये एक पहारेकरी बाई असते. अनोळखी माणसाला ती आधी नाव विचारते, आणि सांगितलं तरच रिंग वाजू देते. तुमचा नंबर कोणी तिच्या वहीत घातलाच नव्हता. तुम्ही रोज सातला फोन करत होता, ती रोज नाव विचारत होती, आणि तुम्ही या घराशी बोलणार नाही म्हटल्यावर नाव कसं सांगाल?

पण दादा, ती जे ऐकते ते साठवून ठेवते. सुनेने मला पाचही दिवसांचं लावून दाखवलं. चार दिवस नुसता श्वास. पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "काय मूर्खपणा आहे!" आणि ठेवलात. ते मी तीनदा ऐकलं. आवाज जरा खोल गेला आहे. खोकला केव्हापासून आहे?

सुनेने त्या बाईला लगेच रजा दिली. पण दुसऱ्या दिवसापासून तुमची रिंगच नाही. रागावला असाल तर हरकत नाही, रागावण्याची सवय आहे. दुसरं काही असलं तर मात्र मला कोण सांगणार? माझी पावणेसातची रिंग तोवर रोज जात होती, तर आता तीही जाईचना. कंपनीत फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं की इंटरनेटवर फोन फुकटासारखा झाल्यापासून लबाड लोक हजारो घरी एकेक रिंग देऊन ठेवतात, आणि कोणी उलट फोन केला की त्याचे पैसे कापतात. त्यांना पकडायला यंत्र बसवलं आहे. आणि त्या यंत्राने पाहिलं की हा माणूस रोज त्याच मिनिटाला, त्याच नंबरवर, एकच रिंग देतो आणि कधीच बोलत नाही.

मी म्हटलं, बाई, तो माझा सख्खा भाऊ आहे.

ती म्हणाली, "मग आजोबा, बोलत का नाही?"

मी म्हटलं, हा प्रश्न तुमच्या अर्जात नाही.

तरी भली मुलगी. तिने बंदी सोमवारपर्यंत उठवली आहे. तोवर या दोन नंबरांमध्ये एकदा तरी एक मिनिट खरं बोलणं झालं पाहिजे, नाहीतर माझा नंबर कायमचा काळ्या यादीत जाईल. तेव्हा रविवारी पावणेसातला, केवळ यंत्राच्या समाधानासाठी, फोन उचलावा ही विनंती. यात समेटाचा काही संबंध नाही.

आपला,
धाकटा

ता. क. एक मिनिट काय बोलायचं याचा मी विचार केला आहे. तुम्ही वर्तमानपत्र वाचून दाखवा, मी हुं हुं करेन. मशीनचा विषय काढू नये. मीही काढणार नाही.

ता. क. २. मशीनचं चाक मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडून परत आणलं होतं. खिडकीपाशी आहे. हे सांगायचं राहून गेलं होतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कंपनीच्या त्या मुलीचा फोन आला. अर्ज तिच्या साहेबांनी वाचला, नंबर साफ झाला. बोलण्याची आता गरज नाही, पूर्वीसारखी एक रिंग चालेल. हे तुम्हाला न कळवणं खोटेपणाचं झालं असतं, म्हणून कळवलं. रविवारी मात्र मी एका रिंगवर ठेवणार नाही. वाजू देईन. गुडघ्यामुळे तुम्हालाही उठायला वेळ लागत असेल, सावकाश या.