जुना सिंथ मुलीला, बाकी ज्याचं त्याला

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी, रेडिओच्या कारखान्यात एकतीस वर्षं सोल्डरिंग केलेली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी लाडीगोडी लावली नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला. बरोबर की चूक ते बघायला त्यांनाच मोबाइल काढावा लागला.

वकिलांचा मसुदा आठ पानी होता. तो वाचेपर्यंतच माणूस जायचा. म्हणून हा माझा.

कलम १. घर आणि बँकेत असेल ते मुलगा आणि मुलगी, दोघांना निम्मं निम्मं. मुलगा इथं राहतो म्हणून त्याचं जास्त होत नाही. यावर चर्चा नको.

कलम २. सोल्डरिंगचं सामान, पकडी आणि मीटर समोरच्या घड्याळजीला. मागून नेतो आणि पुसून परत आणतो. अशी माणसं कमी.

कलम ३. मोठे हेडफोन माझ्या जावेला. वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ती सगळ्यांना सांगते, "म्हातारीला यंत्रांचं खूळ लागलंय." हे कानाला लावले की बाहेरचं काही ऐकू येत नाही. सुखी राहील.

कलम ४. नवा छोटा सिंथ, म्हणजे विजेवर हवा तो आवाज बनवायची पेटी, सुनेला. त्यात केलेले आवाज साठवून ठेवता येतात. मी दुपारी पडले की सून हळूच वाजवते आणि तिला वाटतं मला पत्ता नाही. अगं, त्यात मी न केलेले अकरा आवाज साठलेत. दोन चांगले आहेत. नऊ पुसून टाक आणि रोज वाजव.

कलम ५. जुना सिंथ मुलीला. इथं जरा लिहावं लागेल.

एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद झाला तेव्हा हे धूड त्यांनी रस्त्यावर काढलं होतं. मी आणि ह्यांनी ते तीन जिने चढवलं. मधल्या जिन्यात ह्यांनी धापा टाकत विचारलं, "हे वाजतं का?" म्हटलं, "वाजवीन." चार महिने लागले. वाजलं.

मुलगा म्हणतो, "आई, एक संग्राहक मागतोय. काचेच्या कपाटात ठेवील."

"मग मलाही ठेव त्यातच," म्हटलं.

या सिंथला आठवण नाही. समोर एकेचाळीस गोल बटणं. ती फिरवून आवाज जमवायचा, आणि बटणं हलली की आवाज गेला. माझ्या आवाजांना हे "मिक्सर लागला" म्हणायचे. एकच त्यांना आवडला. दोन सूर केसभर वेगळे ठेवले होते, ते एकमेकांवर घासत लाटेसारखे हलायचे. "हा राहू दे," म्हणाले. ते गेल्यावर बटणं तशीच ठेवून मी वर चादर घातली. वर्षभर पट्टीला बोट लावलं नाही. खोलीला कुलूप.

मुलगी आली, आईची खोली स्वच्छ करावी म्हणून तिनं कुलूप काढलं. धूळ पुसली आणि सगळी बटणं एका ओळीत शून्यावर आणली. नीटनेटकी पहिल्यापासून.

मी म्हटलं, "तुला बापाचं एवढंही राखता आलं नाही?"

ती म्हणाली, "आई, मला माहीत नव्हतं गं."

मी म्हटलं, "नीघ."

निघाली. चार वर्षं झाली. तिची खुशाली मला तिच्या भावाकडून कळते.

आता खरं काय ते. तो आवाज परत जमवायला मी दुसऱ्याच दिवशी बसले. तो सापडला नाही. शोधताना दुसरे सापडले, मग तिसरे. त्या दिवसापासून मी रोज वाजवते. तिनं बटणं फिरवली नसती तर मी त्या चादरीपुढे बसून राहिले असते. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सांगितलं नाही, कारण मी चुकले म्हणायची मला सवय नाही. मी चुकले.

सिंथ तिचा. तिनं तो वाजवावा. येत नसेल तर बटणं फिरवत बसावं, मीही तशीच शिकले.

हे वाचून वकील म्हणाले, "बाई, पण हे तुमच्या माघारी लागू होणार."

माघारी मला काय कळणार, ती आली की नाही? कलम ५ मृत्युपत्रातून बाद. सिंथ मी हयातीतच देणार आहे. या पानाची एक प्रत आजच तिच्या पत्त्यावर टाकली आहे. पोरी, रविवारी ये. जड आहे, दोघींना मिळून उचलावा लागेल.

बाकीची कलमं कायम.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरची नर्सबाई, सही. कोपऱ्यावरचा शिंपी, सही. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, चहा मिळाला.

लिहून देणार: सही.
ठिकाण: मागची खोली, कुलूप नाही.
तारीख: ९ फेब्रुवारी, सोमवार.