हॉलमधली दालमिल

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. रत्नम्माअक्कास,
धाकट्या सिद्रामचे शरणु शरणार्थी. वि. वि.

फ-टाक-टाक, फ-टाक-टाक. पहाटे कानात हा आवाज आला आणि जाग आली. आपल्या दालमिलीचा पट्टा! त्याचा सांधा पुलीवर आपटला की असा ठेका धरायचा. शाळेत मास्तर बाकावर पट्टी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे, पण मला तो वडिलांच्या मिलीनं आधीच शिकवला होता. त्याच ठेक्यावर मी तुरीच्या पोत्यांवर बसून कविता पाठ करायचो आणि तू खालून ओरडायचीस की दाळीत थुंकी उडेल.

उठून बसलो तर ना मिल, ना पट्टा. माझ्या लेकानं, महांतेशनं घराचं इंटिरिअर करून घेतलंय, त्याची हकिकत ऐक. मन्मथ नावाचा पोरगा हे काम करतो. पांढरे बूट घालतो आणि घरात येतानाही काढत नाही. त्यानं प्रत्येक खोलीला एक स्टाइल दिली. महांतेश-अंबिकाची बेडरूम स्कँडिनेव्हियन, म्हणजे जिथं महिनोन्महिने ऊन पडत नाही तिथल्या लोकांनी उजेडासाठी पांढरी केलेली खोली. ती लातुरात, जिथं मे महिन्यात आपण खिडक्यांना ओली पोती बांधतो! नात अंजूची खोली बोहो, म्हणजे भिंतीभर दोऱ्या आणि झिपऱ्या. माझी खोली मिनिमल. याचा अर्थ विचारला तर गरजेपुरतंच ठेवायचं असं म्हणाला, आणि माझी पत्र्याची पेटी, कवितांची पुस्तकं, हातांची खुर्ची सगळं गच्चीवर गेलं. गरज कुणाची, ते काही बोलला नाही.

पण खरी आग लावली ती हॉलनं. हॉल इंडस्ट्रियल आहे. गिलावा न केलेल्या विटा, छताला काळे पाइप, जाळीत कोंडलेले बल्ब आणि भिंतीवर दातेरी चाकं. बोट लावून पाहिलं, चाकं फायबरची. फिरत नाहीत. अक्का, त्यानं माझ्याच मिलीचं सोंग आणून माझ्यासमोर भिंतीला टांगलंय.

मागची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिलं की राग ताजा राहतो. मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडं नांदेडला आलो. निघताना निवडणाऱ्या बायांना सांगून आलो होतो की डोळे करून येतो, भोंगा वाजला की समजा मिल सुरू. परत आलो तर महांतेशनं मिल विकलेली, गेटला दुसऱ्याचं कुलूप. मशिनरी भंगारात, शेड गोदामाला. मिलीला आता भविष्य नाही असं महांतेश म्हणाला. आणि आज तीच मिल शोभेला!

दोन ओळी सुचल्या:

विकी चाक माझे कुणी या बजारी
खरे फेकुनी आणिले सोंग दारी

आता मुद्द्याचं. तेव्हा भोंग्याची मोटर जळाली होती म्हणून तो मी दुरुस्तीला नांदेडला आणला होता. तेवढाच भंगारातून वाचला. तुझ्या माळ्यावर आहे ना? मला तो हवाय. येत्या वीस तारखेला हॉल दाखवायला पाहुणे बोलावलेत. त्यांना इंडस्ट्रियल पाहिजे ना? अस्सल देतो.

माया आहे तशी राहू दे, उलट थोडी वाढव.
तुझा,
सिद्राम


नांदेड,
दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. सिद्राम यास,
रत्नम्माचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कविता बरी हाय, पण तुझ्या लेकाला वृत्ताची भीती वाटत न्हाई रे बाबा, भोंगाच पाहिजे. पत्रानं कळवलंस ते लई बरं केलंस. फोनवर मला ऐकू येत न्हाई, तू ओरडतोस आन् तिकडं अंबिकाला सगळं ऐकू जातं.

माझाही एक हिशेब त्या घराशी हाय. लग्नात अंबिकाला मी लोकरीचं सुस्वागतम करून दिलतं, दोन पोपट, मधी कमळ, डोळे फुटेस्तोवर बसून. मागं आले तेव्हा पाहिलं तर कपडे धुवायचं मशिन हलू नये म्हणून त्याची घडी घालून खाली सारलीया! एका पोपटाची चोच नुसती बाहेर. मनात म्हटलं, येईल वेळ.

भोंगा हाय. बजरंग मिस्त्रीनं नवी तार भरून दिला तसा गोणपाटात गुंडाळलेला हाय, एकदाही वाजला न्हाई. शुक्रवारी महांतेश दुकानाच्या कामाला नांदेडला येणार असं त्यानंच कळवलंय. तेलाच्या डब्याच्या खोक्यात घालून त्याच्याच गाडीत चढवते. तुझ्या अप्पाचं लोणचं हाय, आडवं करू नको म्हणून सांगते. आपल्या फजितीचं सामान त्यानं आपल्या हातानं उचलावं, एवढी हौस मला पुरवून घेऊ दे.

डोळ्यात थेंब टाकत जा. आशीर्वादाला खळ न्हाई.
रत्नम्मा


लातूर,
दि. १५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सिद्रामचे शरणु शरणार्थी. वि. वि.

लोणचं पोचलं. महांतेश ते जिन्यावरून वर आणताना कमरेला हात लावून म्हणत होता की आत्यानं कैऱ्यांऐवजी दगड भरलेत. मी पाठीवरून हात फिरवला. इतका गोड बाप त्यानं कित्येक दिवसांत पाहिला नसेल.

पुढं जे झालं ते ऐकून तू पदर तोंडात धरशील. खोकं उघडं असताना मन्मथ आला आणि भोंगा पाहून त्याचे डोळेच चमकले. असा अस्सल पीस पुण्यातसुद्धा मिळत नाही, तुम्ही कुठून पैदा केला, असं विचारत राहिला. मी म्हणालो, लोणच्याबरोबर फुकट आला. त्यानं स्वतः खुर्चीवर चढून तो हॉलच्या मधोमध, चाकांच्या वर बसवून घेतला. महांतेशनं भोंगा ओळखला. तोंड जरा उतरलं, पण मन्मथ एवढा खूष, की त्यानं तो राहू दिला. वाजणार थोडाच आहे, असं मन्मथ त्याला म्हणाला.

दुपारी वायरमन भीमाशंकरला मी चहा पाजला आणि वायर माझ्या मिनिमल खोलीतल्या बटणापर्यंत ओढून घेतली. त्या रिकाम्या खोलीला अखेर एक गरजेची वस्तू मिळाली. मी रोज त्या बटणाकडं बघून कविता म्हणतोय.

तुझा लोभ असाच खोक्यात भरून पाठवत जा.
सिद्राम


नांदेड,
दि. १७ ऑक्टोबर २०२४

चि. सिद्राम यास,
अ. उ. आ.

हसून हसून खोकला लागला. सून म्हणाली, आत्याबाईंना काय झालं. तिला काय सांगू?

एकच बजावते. तुझी सवय मला ठाऊक हाय. पोराचं तोंड एवढंसं झालं की तू विरघळतोस. लहानपणी मांजराला दूध सांडलं म्हणून मारायला काठी घ्यायचास आन् मग त्याच काठीला दोरा बांधून त्याच्याशी खेळायचास. तसं करू नको. बोट बटणावरून काढायचं न्हाई. पुरतं वाजू दे. माझ्या पोपटाचीही एक शिट्टी त्यात हाय असं समज.

त्याचा चेहरा कसा झाला ते बारीकसारीक लिही. वाट बघते.
तुझी अक्का,
रत्नम्मा


लातूर,
दि. २० ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शरणु शरणार्थी. वि. वि.

वाजला.

सकाळी नव्या हॉलमध्ये मठाच्या स्वामींची पाद्यपूजा झाली. संध्याकाळी पाहुणे आले, मन्मथची गिऱ्हाइकं आली. तो मधोमध उभा राहून सांगत होता की या हॉलमध्ये आल्यावर कारखान्यात आल्याचा फील येतो. त्याच क्षणी मी खोलीत बटण दाबलं.

अक्का, बजरंगनं काय तार भरलीय! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कुणाचं सरबत कुणाच्या साडीवर, पांढऱ्या बुटांवर खोबऱ्याची चटणी. अंबिका कानांवर हात ठेवून सोफ्याआड बसली. मन्मथ खाली बसून वायर शोधत होता, जशी काही चप्पल हरवलीय. तू सांगितल्याप्रमाणं बोट काढलं नाही. जुना पूर्ण भोंगा दिला, पहिल्या पाळीला द्यायचो तसा.

मग महांतेश खोलीत आला. पाहुण्यांत माझी लाज काढली, असं म्हणाला. मी म्हणालो, परक्याच्या कुलपासमोर माझीही निघाली होती, पाहुणे नव्हते एवढंच. तुला फील पाहिजे होता, तो दिला. आता हे फायबरचं चाकही फिरवून दाखव. तो लालबुंद झाला. मी विरघळलो नाही. काठी काठीच ठेवली. पाहुणे पांगले आणि मी खिडकीत उभा राहून भुजंगप्रयात म्हटला, मोठ्यानं. इतका आनंद मला बऱ्याच काळात झाला नव्हता.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. शेजारी भांडायला आले असतील, त्यांनाही ऐकवू म्हणून मीच दार उघडलं.

दारात सिंधु होती. आपल्या मिलीत दाळ निवडायची ती, घरामागच्या वस्तीतली. काखेत सूप, डोक्याला फडकं, पळत आल्यानं धाप लागलेली. म्हणाली, भोंगा ऐकला तशी तव्यावरची भाकर तशीच टाकून निघाले, मालक, डोळे झाले न्हवं बरे? लोक म्हणत होते मिल गेली, मी म्हणायची न्हाई, मालक बोललेत भोंगा वाजवतो म्हणून. चप्पल उंबऱ्याबाहेर काढून ती आत आली. तिनं विटा पाहिल्या, काळे पाइप, जाळीतले बल्ब, भिंतीवरची चाकं पाहिली आणि तिचा चेहरा असा उजळला अक्का, की मला बघवेना. जिन्याकडं वळून तिनं खालच्या बायांना हाक मारली, या गं, वर या, मालकानं मिल घरातच मांडली हाय.

मी आत माझ्या रिकाम्या खोलीत येऊन हे लिहितोय. हॉलमध्ये त्या बल्बांखाली ती मांडी घालून बसलीय, सूप झटकतेय आणि तूर कुठं हाय म्हणून विचारतेय. जिन्यावर आणखी पावलं वाजतायत. महांतेश माझ्या दारात उभा आहे. आता त्याला राग नाही. बाहेर जाऊन त्या बायांना मिल नाही म्हणून सांगायचं, ते त्यानं माझ्यावर सोडलंय.

लोभ असेल तर लवकर ये.
तुझा,
सिद्राम