पाय गार होता म्हणून

सोम. ६ जाने.
सात पेशंट. नसांच्या तपासणीची खोली म्हणजे ए.सी.मुळे नुसता बर्फ. शेवटचे आजोबा नेरे गावचे. मी पायाला वायरी चिकटवत होते तेव्हा म्हणाले, "बाय, चप्पल पायातनं निसटली तरी मना कलत नाय. येकच चप्पल घालून घरा गेलो." मला हसू आलं. मग घोट्याजवळच्या नसेला करंट दिला, तर पडद्यावर लाट उठलीच नाही. हसायला नको होतं.

मंगळ. ७
घरी जिना चढत होते. खालून शेजारीण ओरडली, "एस्तेरताई, चप्पल राहिली तुमची!" डाव्या पायातली. मी तिसऱ्या मजल्यावर, चप्पल पहिल्या.
पट्टा सैल झालाय. नवी घ्यायला हवी.

बुध. ८
घेतली नाही. जेवणाच्या सुट्टीत दार लावून स्वतःच्याच डाव्या पायाची टेस्ट केली. अठरा वर्षं लोकांना सांगते, "थोडा झटका बसेल हं." मला मात्र जेमतेम मुंगी चावल्यासारखं. लाट आली, पण इवलीशी. तीनदा केलं, तेच.
पाय गार होता म्हणून. दुसरं काही नाही. कागद छापला नाही.

गुरु. ९
आज पाय गरम करून पुन्हा करायचं ठरवलं. पेशंटचा करतो तसाच, टबात पाणी घालून दहा मिनिटं. नसरीन आत आली (शेजारच्या खोलीत मेंदूचा आलेख काढते ती). टबात बोट घातलं आणि किंचाळली, "या अल्लाह! पाय काढ! केवढं कढत आहे हे!"
मला कोमट लागत होतं.
पाय लालभडक, संध्याकाळपर्यंत टाचेवर फोड. तिला सगळं सांगावंच लागलं, कालचंही. म्हणाली, "गार पायाने वेग कमी होतो गं. लाट लहान नाही होत, उलट मोठी दिसते. तूच शिकवलंस ना मला?" हो, मीच. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. भयंकर राग आला तिचा. खरं तर माझा.

शुक्र. १०
सकाळी साखरेसाठी रक्त दिलं.
संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावताना काडीचा चटका बसला, उजव्या हाताच्या बोटांना. इतकं बरं वाटलं की हसले. शिमोन म्हणाला, "भाजलं आणि हसतेस काय?" नवऱ्याला अजून काही बोललेले नाही. पायाचं एक वेळ निभावेल. पण नस शोधायची ती बोटांनीच. बोटं गेली तर

नको. फार भीती वाटते.

सोम. १३
साखर वाढलेली. बरीच. डॉ. सरांना फोड दाखवला, सगळं कबूल केलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "साखरेमुळे पायाच्या नसा बिघडायला सुरुवात झालेली दिसते. हातांचंही आजच बघून घेऊ."
मी पेशंटच्या पलंगावर, नसरीन माझ्या खुर्चीत. "डावा दे." हात गार पडलेला. तिने टबात पाणी ओतलं, आधी स्वतःचा हात घालून पाहिला.
मी विचारलं, "कोमट आहे ना?"
"तूच सांग."
हात घातला.