दामाजीबाबांचा फोटो

१ फेब्रुवारी १९९९
लागले एकदाची नोकरीला! कोपरीतला फोटो स्टुडिओ. डोंबिवलीहून यायलाही सोपा. मालक त्र्यंबककाका भारी हौशी. पुतण्याने दुबईहून आणलेला डिजिटल कॅमेरा देवासारखा कपाटात ठेवलाय. रोल नाही, निगेटिव्ह नाही; बिस्किटाएवढं कार्ड, सगळे फोटो त्यातच. भरलं की फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे, मग कार्ड पुसायचं. हे काम माझं. काकांना माउस धरता येत नाही, पण ऐट केवढी!

३ फेब्रुवारी
कोळीवाड्यातले दामाजीबाबा आज गेले. काका नवा कॅमेरा घेऊन मयताचे फोटो काढून आले. बाबा जन्मात कधी फोटोला बसले नव्हते म्हणे, म्हणून आवडाबाईंना, त्यांच्या बायकोला, दहाव्याच्या आत फ्रेम हवीय.
कार्ड लावलं, स्क्रीनवर फोटो छान दिसले. मग कार्ड पुसलं आणि शेजारच्या पार्लरमधल्या मंदाकिनीकडून माझेच फोटो काढून घेतले, स्थळांना पाठवायला. मोरपंखी साडीत बरी दिसते हं मी.

५ फेब्रुवारी
मेले मी! फोटो उतरलेच नव्हते. स्क्रीनवर दिसले ते कार्डातूनच दिसत होते, आणि मी बावळट, उतरले समजून पुसून मोकळी. काकांना सांगायची छाती होत नाही.

८ फेब्रुवारी
जुन्या पाकिटात दुसऱ्याच एका मयताचा फोटो सापडला. मिशा तशाच. मुद्दाम अंधूक छापला, फ्रेम केली, काकांना न दाखवता कागदात गुंडाळून पोचवली. आवडाबाईंना पोरबाळ नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. काचेवरून हात फिरवत म्हणाल्या, म्हातारा जरा येगलाच दिसतो गो, पण मेल्यावर माणूस बदलतोच. वर मला आशीर्वाद दिला, चांगला नवरा मिळू दे म्हणून. लाज वाटली. तोंड लपवून निघाले.

१२ फेब्रुवारी
आज दहावा. काका जाऊन आले. पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. ह्यांचं काय राहिलं असेल, असं आवडाबाई सगळ्यांना विचारत होत्या.
मला माहितेय काय राहिलंय.

१५ फेब्रुवारी
खरं सांगायला गेलेले. आवडाबाईच आधी बोलल्या. म्हणे, म्हातारा रोज दुपारी येतो. फोटोसमोर उभा राहून विचारतो, माझ्या घरात हा कोण आणून बसवलास? त्यावर आवडाबाईंनी त्याला सांगितलं, मला काय दिसतं बाबा, स्टुडिओतल्या पोरीला जाऊन इचार.
खरं न सांगताच पळून आले —

१६ फेब्रुवारी
दुपार. काका जेवायला गेलेत. पडद्यासमोरच्या स्टुलावर कुणीतरी येऊन बसलंय. मी वहीत डोकं खुपसून लिहितेय, वर बघत नाही —
दामाजीबाबा, चुकलं हो माझं. मोठ्याने म्हटलं. रागावले नाहीत. गिऱ्हाइकासारखे सावरून बसले. विचारतायत, नाकातला कापूस काढू का —
वर बघितलं. चेहरा पुसलेला. नुसता कापूस, आणि तो काढायला उचललेला हात —