कार्डाचा आकडा आणि राजाची मिशी

३ फेब्रुवारी

शाळेत मधल्या सुट्टीत लंबू आणि मी मागच्या पायरीवर बसायचो. डबा एका वेळी एकच उघडायचा. आधी तिचा, मग माझा. एकदा सिस्टरनी विचारलं, "तुम्हा दोघींना मिळून एकच पोट आहे का?" लंबू म्हणाली, "हो सिस्टर, पण पाय चार." दोघींना बाकावर उभं केलं! आज हे विनाकारण आठवलं आणि एकटीच हसले.

विनाकारण कसलं! चौदा तारखेला ती लेकीकडे चालली आहे. समुद्रापलीकडे, कायमची. तिला द्यायला मी शाळेच्या नाटकाची फिल्म स्वच्छ करते आहे. तिच्या वडिलांनी काढलेली. फोटोवाल्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली, पण सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. नाटकात लंबू राजा, मी झाड. अगदी शेवटी, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांमध्ये तिची आई आहे. हलणारी-हसणारी आई तेवढीच. फोटोंत ती नेहमी ताठ बसलेली.

एकेक चित्र उजळायचं म्हणजे कॉम्प्युटरला जड काम. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवून घेतलं आहे.

५ फेब्रुवारी

भाच्याने दुरूनच माझ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घातलं. कार्ड किती वेगाने चालतंय तो आकडा त्यात दिसतो. क्लॉक म्हणतात त्याला. "दोन हजारांच्या आसपास हवा, आत्या. अधूनमधून बघत जा."

बघितला. तीनशे!

"गंडवलं तुला दुकानदाराने. परत कर."

मन खट्टू झालं. किती गोड बोलत होता मेला!

६ फेब्रुवारी

तीनशेच.

७ फेब्रुवारी

सकाळी तीनशे, जेवल्यावर तीनशे. फिल्म पहिल्या प्रवेशातच घुटमळते आहे. दुकानदार रस्त्यात नमस्कार करून गेला. मी मान फिरवली.

८ फेब्रुवारी

भाचा स्वतःच आला, कार्ड काढून परत न्यायला. म्हटलं, थांब, एकदा शेवटचा आकडा बघते. काम बंद केलं, सॉफ्टवेअर उघडलं —

"आत्या! काम का बंद केलंस?"

"मग? कुणी कामात असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये. सिस्टरांची शिकवण आहे."

"अगं, काम थांबलं की कार्ड झोपणारच! झोपलेल्या माणसाला 'तू पळतोस किती?' म्हणून विचारतेयस!" पोट धरून हसला.

मीही हसले, पण मग लक्षात आलं — बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्या चित्रापासून! आकडा बघण्याच्या नादात लंबूचे दिवस मीच वाया घालवले.

काम चालू ठेवून पाहिलं. नऊ हजार! आता भाच्याचं हसू पळालं. "असं कार्ड पृथ्वीवर नाही." मग शून्य. मग पुन्हा नऊ हजार. "मेलंय हे कार्ड, परतच करू." कार्डाचा पंखा मात्र एका सुरात घुमत होता आणि चित्रं एकामागून एक उजळत होती.

म्हटलं, "बाळा, घरभर फोडणीचा वास सुटलाय आणि तू मला चूल विझली म्हणून सांगतोयस. कार्ड राहू दे."

९ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. "आत्या, माझं कार्डही तसलंच आहे ना, तेही नऊ हजार दाखवतंय!" सॉफ्टवेअरच जुनं. या कार्डांची त्याला ओळखच नाही, म्हणून मनाला येईल तो आकडा ठोकून देतं. नवं घातलं आणि आकडा सरळ झाला — दोन हजारांच्या जरासा अलीकडे.

दुकानात जाऊन मुद्दाम नमस्कार घातला. तो बिचारा गोंधळला. मी रागावले होते हेच त्याला ठाऊक नव्हतं!

१३ फेब्रुवारी

लंबू आली. फिल्म अर्धीच झाली आहे, तेवढीच लावली. राजाची मिशी सुटून झाडावर, म्हणजे माझ्यावर, पडली आणि मी झाड असून शिंकले! दोघी हसून हसून बेजार. मग पडदा काळा.

"आई?"

"शेवटी आहे. उद्यापर्यंत होणार नाही गं." आकड्याची सगळी कथा सांगितली. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. मग म्हणाली, "पिट्टू, तुला झाड केलं तेच बरोबर होतं."

१४ फेब्रुवारी

विमानतळावर म्हटलं, "झाली की लगेच पाठवते."

"पाठवू नकोस. आईला एकटीने बघणं मला जमायचं नाही. घेऊन ये."

१९ फेब्रुवारी

झाली! लंबूची आई टाळ्या वाजवता वाजवता शेजारणीला काहीतरी दाखवते आहे. तिचं बोट राजाकडे नाही. झाडाकडे आहे.

तेवढंच परत परत पाहिलं.

३० एप्रिल

तिकीट आलं. जाण्याचंच काढलं आहे. लंबू म्हणते, यायचं नंतर बघू.

कुंड्या शेजारणीला. शिलाई मशीन भाचेसुनेला, तेलाच्या बाटलीसकट. कॉम्प्युटर आणि कार्ड भाच्याला. घराची किल्लीही त्यालाच. खिडक्या मधूनमधून उघडाव्यात. फिल्म माझ्या हातातल्या पिशवीत. ती कुणाकडेही धरायला द्यायची नाही.